या किड्यावर औषध नाही

पिचकारी हे नाव तिला जिन्यात चिकटलं, ते आजतागायत सुटलेलं नाही. तिचे बाबा घरोघरी जाऊन झुरळं, मुंग्या, ढेकूण यांवर औषध फवारतात, म्हणून अख्खी इमारत त्यांना फवारेकाका म्हणते. ही त्यांची एकुलती एक लेक. चालायला लागली तेव्हापासून पाण्यानं भरलेली छोटी बाटली घेऊन ती बाबांच्या मागे जिना उतरायची. बाबा पुढे खऱ्या मुंग्या मारत जायचे, ही मागून मेलेल्या मुंग्यांना पुन्हा मारत यायची. शेजाऱ्यांच्या चपलाही तिच्या तडाख्यातून सुटल्या नाहीत. ओल्या चपला घालून ऑफिसात गेलेली माणसं या इमारतीत अजून आहेत, आणि अजून ती गोष्ट सांगतात.

धंद्याचा फोन आईच्या ताब्यात. आई ‘हॅलो’ म्हणत नाही, थेट विचारते, “काय आणि कुठे?” म्हणजे झुरळं की ढेकूण, आणि स्वयंपाकघरात की गादीत. सवयच अशी जडली की एकदा नणंदेनं आनंदाची बातमी द्यायला फोन केला, तर तिलाही हेच. “मुलगा, आणि दवाखान्यात,” नणंद म्हणाली, आणि पुढे वर्षभर तिनं फोन केला नाही.

अशा घरात वाढलेली पोर सुट्टीत बाबांच्या हाताखाली काम करू लागली, यात नवल ते काय. झुरळ कुठे लपलंय हे तिला कपाटाच्या तोंडाकडे बघून कळायचं. आणि खिडकीच्या चौकटीत कुंभारीण माशी मातीची गोल गोल घरटी बांधते ना, ती खरवडून काढण्यात तर तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. एक पातं फिरवलं की काम तमाम.

कॉलेजात तिनं पर्यावरण हा विषय घेतला तो शुद्ध आळसापोटी. दोन रोपं लावायची, पृथ्वीचं एक रडकं चित्र रंगवायचं आणि पास व्हायचं, असा तिचा समज. वर्गातल्या बाकीच्यांचेही समज काही फार वेगळे नव्हते. एक मुलगा तर गळ्यात दुर्बीण अडकवून आला होता. पर्यावरण म्हणजे जंगल आणि जंगल म्हणजे वाघ, असं त्याचं सरळ गणित. त्याचा पहिल्याच दिवशी वाघोबा झाला.

शिकवणाऱ्या बाई बुटक्या, आणि त्यांच्या खिशात कायम एक भिंग. पहिल्या तासाला त्या म्हणाल्या, “पर्यावरणाचं चित्र काढा.” सगळ्या वर्गानं जणू ठरवून एकच चित्र काढलं. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, वर चार पक्षी. बाईंनी चित्रं गोळा केली.

“छान आहेत. यात तुम्ही कुठे आहात?”

वाघोबा म्हणाला, “मी डोंगराच्या मागे आहे, बाई.”

“मग जरा पुढे ये,” बाई म्हणाल्या, आणि कँटीनमागचं गटार त्याच्या नावावर करून टाकलं. सत्र संपेपर्यंत त्यात कोण राहतं ते शोधायचं. दुर्बीण घरी ठेवलीस तरी चालेल, हेही वर सांगितलं.

पिचकारीच्या वाट्याला आली कॉलेजच्या स्वयंपाकघराची मागची भिंत. जुनी, दगडी, एका कोपऱ्यात गळक्या पाइपामुळे कायम ओली. बाकीची मुलं आपापल्या जागेपुढे ढिम्म उभी असताना हिनं घटकाभरात दोन पाली, कोळ्याची तीन जाळी, मुंग्यांची वाट आणि फटीत दडवलेली झुरळाची अंडी दाखवली.

“इतक्या लवकर सापडलं कसं?” बाईंनी विचारलं.

“सवय आहे, बाई.”

“कशाची?”

“मारायची.”

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. “मारायच्या आधी बघत होतीस ना? तेवढंच कर. पुढचं थांबव.”

आता सांगायला सोपं, पण जिचा हात आपोआप पात्याकडे जातो तिला नुसतं बघत बसणं म्हणजे शिक्षाच. पहिला आठवडा तिनं जांभया देत काढला. मग खिडकीच्या सज्ज्याखाली एक कुंभारीण आली. कमर इतकी बारीक की अंग दोन तुकड्यांत आहे असं वाटावं. गळक्या पाइपाखालच्या चिखलाची गोळी तोंडात धरून आली आणि मडकं घडवायला बसली. बारीक गळा, बाहेर वळवलेला काठ, अगदी चाकावरून उतरवल्यासारखं. मग आत अंडं ठेवलं, बागेतून एकेक अळी पकडून आणली, डंख मारून सुन्न केली, आत कोंबली आणि तोंड लिंपून निघून गेली. पोर बाहेर येईल तेव्हा ताट वाढलेलं असावं, म्हणून.

पिचकारी घंटा झाली तरी उठली नाही. अशी किती मडकी आपण पात्यानं खाली पाडली, हा विचार तिच्या मनात आला आणि तिथेच मुक्कामाला राहिला.

झालं. त्या दिवसापासून घराची घडी विस्कटली. घरातलं झुरळ ती कागदावर घेऊन खिडकीबाहेर सोडू लागली, म्हणजे खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या खिडकीत. एकदा आई भाजी आणायला गेलेली असताना फोन वाजला, हिनं उचलला. पलीकडे कुणी अनोळखी काकू, घरात पाल झालीय अशी त्यांची तक्रार. ही म्हणाली, “काकू, ठेवा तिला. ती तुमचे डास खाते, तेही फुकट.” काकू खूश. बाबांचं गिऱ्हाईक गेलं.

“कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ,” आई म्हणाली.

“पोरीच्या डोक्यात किडा शिरलाय,” बाबा जिन्यात येईल-जाईल त्याला सांगू लागले.

“मग फवारा की,” लोक म्हणायचे.

“या किड्यावर औषध नाही ना बाजारात.”

वर्गातही तिचा सूर चढलाच होता. एक दिवस ती तावातावानं म्हणाली, औषध फवारणं सगळीकडे बंद झालं पाहिजे. तिला वाटलं बाई पाठ थोपटतील. बाईंनी भिंग पुसत विचारलं, “हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरातसुद्धा? पेशंटच्या पेजेत झुरळ चालेल तुला?”

पिचकारीची हवाच गेली.

“आधी तुला वाटायचं सगळे किडे वाईट. आता वाटतं सगळे फवारणारे वाईट. बदललं काय? नुसती बाजू. झुरळ दिसलं की तू विचारतेस, कुठे आहे. कधीतरी विचार, का आहे.”

हा ‘का’ तिला फार लागला. घरी इतकी वर्षं ‘काय’ आणि ‘कुठे’ चालायचं. ‘का’ कुणी विचारलंच नव्हतं.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात बाबा पेढा मिळाल्यासारखं तोंड करून घरी आले. कॉलेजात तपासणीसाठी समिती येणार, त्याआधी सगळी इमारत आतून-बाहेरून फवारायची, आणि काम चांगलं झालं तर वर्षभराचं कंत्राट. इतकं मोठं काम त्यांना आजवर मिळालं नव्हतं. “लेकीच्या कॉलेजात बाप पाठीवर पंप घेऊन जाणार,” ते म्हणाले, “लाज नाही ना वाटणार?”

“लाज कसली, बाबा,” ती म्हणाली, पण तिचं लक्ष ‘बाहेरून’ या शब्दावर अडकलं. बाहेरून म्हणजे भिंतही आली. भिंतीवर आता पाच मडकी होती, पोरं बाहेर यायच्या बेतात. हेडक्लार्कना जाऊन भिंत सोडा म्हणावं, तर ते म्हणणार, फवारणाऱ्याच्याच मुलीला भरवसा नाही, काम दुसऱ्याला द्या. गप्प बसावं, तर मडकी गेली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. आणि बाबांना काय सांगणार? ज्या फवाऱ्यावर तिची फी भरली, तोच थांबवा म्हणून?

ठरल्या दिवशी सकाळी ती बाबांच्या आधी भिंतीपाशी जाऊन उभी राहिली. बाबा आले. पाठीवर पंप, तोंडाला फडकं.

“बाजूला हो, अंगावर उडेल.”

“बाबा, आधी इथे बसा. थोडा वेळ.”

“मी काय नाटक बघायला आलोय?”

“मी लहानपणी तुमच्यामागे किती जिने उतरले? आज तुम्ही नुसतं बसा.”

बाबा पालथ्या बादलीवर बसले, पंप न उतरवता. बापानं रुसायचं ठरवलं की तो असाच बसतो. इतक्यात कुंभारीण आली. पायांत अळी, तिच्याहून जड. सज्ज्याखाली टेकली, अळी वळवळली, तशी तिनं नेमक्या जागी डंख दिला. अळी गप्प. मग ढकलत ढकलत नव्या मडक्यात. बाबांनी तोंडावरचं फडकं खाली केलं.

“मेली?”

“नाही. सुन्न केली. मेली तर सडेल, मग पोर काय खाणार?”

बाबांनी बादली आणखी पुढे सरकवली. पुन्हा एक अळी आली, पुन्हा तेच. मग ते हळूच म्हणाले, “डोस बघ किती मोजून देते. एक थेंब वाया नाही.” आणि थोड्या वेळानं, “अगं, ही तर आपल्याच धंद्यातली आहे. बिल कुणाला लावते?”

“कुणालाच नाही. म्हणून तर तिला कंत्राट मिळत नाही.”

हसता हसता बाबांनी पंप उतरवला. पण हसू लगेच मावळलं. “भिंत सोडली आणि समितीपुढे झुरळ निघालं, तर माझं काय?”

“चला आत. झुरळं का आहेत ते बघू.”

‘का’ शोधायला वेळ लागला नाही. तोच गळका पाइप. बेसिनखाली कायमची ओल, शेजारी उघडी खरकट्याची बादली, फरशीला बोटभर फटी. झुरळांना आणखी काय पाहिजे? बापलेकीनं पाइप बदलून घेतला, फटी सिमेंटनं बुजवल्या, बादलीला झाकण आणलं आणि बिजागऱ्यांच्या कोपऱ्यांत औषधाच्या जेलचे बारीक ठिपके दिले. फवारा एकदाही उडाला नाही.

हेडक्लार्क आले. नाक वर करून त्यांनी सगळं स्वयंपाकघर हुंगलं. “काम केलंय का? वास तर येत नाही.”

“वासानं झुरळ मरत नाही, साहेब. माणूस मरतो,” बाबा म्हणाले.

“ते समितीनंतर बघू,” साहेब म्हणाले. म्हणजे कंत्राट टांगणीला. त्या दहा-बारा दिवसांत फवारेकाकांनी जितक्या वेळा कपाळाचा घाम पुसला तितक्या वेळा आयुष्यात पंपही मारला नसेल. पिचकारीला तर पाणी गोड लागेना. त्यात भिंतीवर वेगळीच पंचाईत. पाइप गळायचा थांबला तसा चिखलही वाळला, आणि कुंभारीण रिकाम्या तोंडानं घिरट्या घालू लागली. झुरळांचं पाणी तोडताना हिचीही माती गेली होती. पिचकारीनं वाटीभर ओली माती सज्ज्यावर नेऊन ठेवली. बाईंनी ती वाटी बघितली आणि म्हणाल्या, “एक पाइप बदललास आणि किती जणांचं घर हललं. आता काढ ते चित्र. या वेळी तू कुठे आहेस ते तुला सापडेल.”

प्रकल्पाच्या परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांपुढेच एक मडकं फुटलं. पिचकारी छाती फुगवून म्हणाली, “आता कुंभारणीचं पोर येईल.” आलं ते भलतंच. हिरवं-निळं, नव्या बांगडीसारखं चकाकणारं. कुणी दुसऱ्याच माशीनं गुपचूप आत अंडं घातलं होतं, आणि तिच्या पोरानं घरच्या पोराचं जेवण खाऊन घरच्या पोरालाही खाल्लं होतं.

“पोटभाडेकरू,” वाघोबा मागून म्हणाला. त्याच्या गटारात बेडकांची अठरा पिल्लं निघाली होती, त्यामुळे तो हल्ली बोलायला घाबरत नसे.

सरांनी विचारलं, “हे तुझ्या अंदाजात होतं?”

“नाही सर. पण माझा एकही अंदाज या भिंतीनं धड ठेवलेला नाही.”

सर मोठ्यानं हसले आणि बराच वेळ भिंग घेऊन भिंतीपाशीच रेंगाळले.

समिती आली, चहा प्यायली, गेली. झुरळ काही दर्शनाला आलं नाही. दुसऱ्या दिवशी हेडक्लार्कांनी बाबांना बोलावून कंत्राटाचा कागद पुढे सरकवला. बाबांनी विचारलं, “वास नसला तरी?”

“अहो, त्याचसाठी. इतक्या वर्षांत फवारणीनंतर पहिल्यांदा चहाला चहाचा वास आला.”

तेव्हापासून घरचं तंत्र बदललं. आई फोनवर विचारते, “काय, कुठे आणि का?” गिऱ्हाइकं गडबडतात. एका आजोबांना वाटलं फोन पोलिसांत लागला, त्यांनी फोन ठेवून दिला. बाबा आता फटी बुजवतात, गळती शोधतात, जेल लावतात, आणि पंप फारच अडलं तर. कुणी मातीचं घरटं काढायला बोलावलं तर म्हणतात, “ती आमच्या धंद्यातली आहे, तिच्या पोटावर पाय देणार नाही.” पिचकारी मात्र अजून अधूनमधून झुरळ खालच्या काकूंकडे सोडते, हे काकूंना सोडून सगळ्यांना माहीत आहे.

पंप बाल्कनीत खुंटीला नुसता लटकलेला. परवा एका हॉटेलचं काम आलं म्हणून बाबांनी तो काढला, दांडा हलवला, तर नळीतून थेंब नाही. नीट बघतात तो नळीचं पितळी तोंड मातीनं गच्च लिंपलेलं, गुळगुळीत, काठ सारवलेला.

त्यांनी खिशातलं पातं काढलं. मग लेकीकडे बघितलं. मग पातं परत खिशात ठेवलं आणि पंप जिथे होता तिथे जपून लटकवला.

तेवढ्यात हॉटेलचा पुन्हा फोन. आईनं उचलला, बाल्कनीत एक नजर टाकली आणि शांतपणे सांगितलं, “यायला जरा उशीर होईल हो. आमचा पंप बाळंतपणाला बसलाय.”