डॅनिलोची वाजवी किंमत

ऑरेस्टइतका खडूस प्रामाणिक माणूस मी आमच्या अख्ख्या कॅनडात दुसरा पाहिला नाही. मी हौसेने नवं जाकीट घालून आले की हा म्हणणार, "आयरीन, दुकानदाराने तुला गंडवलं." बर्फावरच्या हॉकीपटूंच्या एका एजंटकडे आम्ही समोरासमोर बसून म्हातारे झालो. खेळाडूचा करार संपत आला की क्लबकडे किती मागायचे, हे ऑरेस्ट ठरवायचा.

त्या वर्षी डॅनिलोचा करार संपत होता. आमच्याच शहराच्या क्लबचा गोलकीपर, ऑरेस्टच्या जिवलग मित्राचा, मायरनचा, एकुलता एक मुलगा. मायरनला कॅन्सर झालेला, बायको आधीच गेलेली. पोराला बापाला सोडून कुठे जायचंच नव्हतं.

"काका, क्लब वर्षाला पस्तीस लाख डॉलर म्हणतोय. घेऊन टाकू?"

"वेडा आहेस का? तुझ्यापेक्षा ढिले गोलकीपर पन्नास घेताहेत. जुलै लागला की तू कुठल्याही क्लबात जायला मोकळा. त्याआधी हेच लोक नाक घासत पन्नास देतील."

"पण बाबा..."

"बाबा काही पळून जात नाहीयेत. थांब जरा."

आकडा चोख होता, मी स्वतः तपासला होता. पण इतर जागांवरचा एखादा खेळाडू जास्त झाला तर संघात कुठेतरी खपवता येतो. गोलकीपर एका वेळी एकच उभा राहणार ना. जूनमध्ये आमच्या क्लबने दुसरीकडचा गोलकीपर आणला आणि डॅनिलोला रामराम केला. जुलैत आम्ही फोन फिरवायला बसलो, तर सगळीकडच्या जागा भरलेल्या. पन्नास सोडा, वीसलाही कोणी विचारेना.

शेवटी स्वित्झर्लंडहून बोलावणं आलं. पोरगा जाईना, तेव्हा मायरननेच त्याला हाकललं. "माझ्या उशाशी बसून खेळ विसरशील, गाढवा. जा." निघताना डॅनिलो ऑरेस्टला एवढंच म्हणाला, "काका, बाबांकडे बघा." चार शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं.

हिवाळ्यात मायरन हॉस्पिटलात पडला. ऑरेस्ट ऑफिस सुटलं की तिकडेच असायचा. एका संध्याकाळी मी बोर्श्टचा, आमच्या बिटाच्या सुपाचा, डबा घेऊन गेले, तर टीव्हीवर आमच्या क्लबची मॅच चालू होती. औषधांच्या गुंगीत मायरनला पोरगा परदेशी गेल्याचं आठवेना. तो डोळे बारीक करून बघत होता. गोलकीपरच्या तोंडावर मुखवटा, अंगात आमच्या क्लबचा निळा शर्ट.

"ऑरेस्ट, आपला डॅनिलोच ना रे?"

मला वाटलं, हा बाबा आता खरं सांगणार, याला दुसरं येतंय कुठे.

"तोच," ऑरेस्ट म्हणाला.

"म्हणजे दिले त्यांनी पन्नास?"

"दिले."

"तू होतास म्हणून," मायरन म्हणाला, आणि चाचपडत त्याने ऑरेस्टचा हात धरला.

मी बाहेर जाऊन भिंतीला टेकून रडले. डॅनिलो पोहोचला तो थेट दफनालाच.