सासूबाई यंत्रावर शिवायला शिकल्या

लग्न होऊन मी ठाण्याहून कल्याणला आले, त्याच्या आदल्या चैत्रात सासूबाईंना वायूचा झटका येऊन गेला होता. ताक घुसळता घुसळता त्यांची मान कलली आणि पुढचे दोन-तीन दिवस त्या गाढ झोपूनच राहिल्या. उठल्या तेव्हा हातपाय शाबूत, वाचा स्वच्छ. घरच्यांनी देवापुढे साखर ठेवली. मग हळूहळू ध्यानात आलं, की जुनं सगळं त्यांना आठवतंय, पण त्या दिवसानंतरचं काहीच मनात टिकत नाही.

मग मी तरी कुठली टिकायला! रोज सकाळी त्या विचारायच्या, "तू कुणाची गं?"

"तुमची सून."

"अगंबाई! लग्न झालं? आणि मला कुणी सांगितलं कसं नाही?"

पहिले काही दिवस मी मागीलदारी जाऊन रडून घेतलं.

मामंजी रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते. त्यांनी मुंबईहून हाताने फिरवायचं शिवणयंत्र आणलं. माहेरी शेजारणीकडे मी ते चालवायला शिकले होते. दुपारी मी शिवायला बसले की सासूबाई जवळ येऊन बसत. जन्मात त्यांनी असलं यंत्र पाहिलं नव्हतं. एकदा म्हणाल्या, "मला फिरवू दे की." मी सरकून जागा दिली. त्यांनी मूठ उलटी फिरवली, दोरा तटकन तुटला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच: "हे काय गं आणलंय? मला फिरवू दे की." मी पुन्हा पहिल्यापासून दाखवलं. असं रोज चाललं.

पावसाळा सरता सरता एका दुपारी त्यांनी नेहमीसारखं "हे काय गं?" विचारलं आणि मी उत्तर देण्याआधीच सुईत दोरा ओवला. कापड सरळ धरलं, मूठ फिरवली. टीप अशी पडली, जणू आखून घेतलेली.

मी मामंजींना हाक मारली. त्यांनी वैद्यबुवांना बोलावून आणलं.

"हे कधी शिकलात?" वैद्यबुवांनी विचारलं.

"मी कशाला शिकते? आजच पाहतेय," त्या म्हणाल्या. बोलता बोलता त्यांचा हात कोपऱ्यापाशी थांबला, त्यांनी कापड वळवलं आणि हात पुन्हा चालू लागला.

वैद्यबुवा बराच वेळ त्या हाताकडे पाहत राहिले. "माझ्या पोथ्यांत असं कुठे लिहिलेलं नाही," इतकंच म्हणाले आणि दक्षिणा न घेता गेले.

पुढे माझ्या मुलांची झबली, उशांचे अभ्रे, सगळं त्यांनीच शिवलं. शिवून झालं, की त्या उजेडाकडे धरून टीप न्याहाळत आणि म्हणत, "कुणी शिवलंय गं? हात चांगला आहे हो बाईचा."

"तुम्हीच," मी सांगे. थट्टा समजून त्या खूप हसत.