कोणत्या झाडाची फांदी?

ती घटना आजही मला स्वस्थ बसू देत नाही. पोलीस खात्यात चौतीस वर्षं काढली. खून पाहिले, दरोडे पाहिले, घाटातल्या रुळांवरून माणसं गोळा केली. त्यातलं बरंचसं पचलं. हे प्रकरण पचलं नाही, कारण यात चूक माझी होती.

तेव्हा मी खालापूरच्या बाजूला एका ठाण्याचा प्रभारी होतो. सोमवारी सकाळची हजेरी संपते न संपते तोच फोन खणखणला. डोंगराखालच्या दगडखाणीत स्फोट, एक मयत. आम्ही पोहोचलो तेव्हा खडीची धूळ अजून खाली बसली नव्हती आणि ड्रिल मशीन वाकडंतिकडं होऊन पडलं होतं. काय घडलं ते समजायला वेळ लागला नाही. शनिवारी सुरुंग उडवले, त्यातला एक उडालाच नाही. दारू आत तशीच राहिली. रविवारी खाण बंद. सोमवारी ड्रिलवाल्यानं नेमकं त्याच जागी ड्रिल लावलं.

सुरुंग भरणारा होता मयताचा सख्खा मेव्हणा, शेजारच्या ठाकूरवाडीतला. खाणीचा सुपरवायझर मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, न उडालेल्या सुरुंगाच्या होलवर लावायला लाल झेंडे दिलेत मी याला. पण हा झाडाचा पाला खोचतो. आज सकाळी मयताच्याच घरच्या शेळ्या खाणीत शिरल्या होत्या, वॉचमननं पाहिल्यात. खाल्ला असणार पाला. आणि होल उडालं नाही, हे यानं मला सांगितलंसुद्धा नाही."

मला ते पटलं. वॉचमननंही शेळ्या पाहिल्याचा जबाब दिला. दोष असा काही वाटला गेला, की अर्धा सुरुंगवाल्या भावाच्या पदरात पडला, अर्धा त्याच्या विधवा झालेल्या बहिणीच्या, आणि खाणीच्या वाट्याला काहीच आलं नाही. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकायला हवी होती. चुकचुकली नाही.

सुरुंगवाल्याला अटक केली. स्फोटकांचा मामला, त्यात माणूस गेलेला. कोर्टानं पोलीस कोठडी दिली. चौकशीत तो एकच पालुपद लावून होता. "सायेब, डहाळी लावली व्हती. सुपरवायझरला सांगितलं बी व्हतं. झेंडं कदी दिलंच नाय आमाला." मी आवाज चढवला, टेबलावर हात आपटला, तास तासभर उभं केलं. तो मान खाली घालून तेच सांगायचा. आरोपीला साक्षीदारांचा जबाब कळू द्यायचा नाही, हा माझा शिरस्ता. त्यामुळे शेळ्यांची गोष्ट त्याच्या कानावर मी जाऊ दिली नाही. वर ऐटीत हवालदाराला म्हणालो, "बघा, किती साधा आव आणतो!"

पाचव्या दिवशी मयताचं कार्य झालं. अशा वेळी भावानं बहिणीच्या पाठीशी उभं राहायचं असतं. तो माझ्या कोठडीत होता.

सहाव्या दिवशी बहीण ठाण्यात आली. तिशीची, काटक बाई. बाकावर बस म्हटलं तर बसली नाही.

"सायेब, वॉचमन सांगतो त्या शेळ्या माज्या. गुन्हा माज्या नावावर लिवा. दादाला सोडा."

मी वैतागलो. शेळ्यांच्या मालकिणीवर माणूस मेल्याचा गुन्हा लावायला कायदा काय माझ्या घरचा आहे? तिला समजावं म्हणून भावाच्या जबाबातली ओळ वाचून दाखवली: 'सदर ठिकाणी मी झाडाची फांदी खोचून ठेवली होती.' म्हटलं, "तोच सांगतोय, फांदी होती. त्यावर विसंबून राहिला, हा त्याचा दोष."

तिनं डोळे बारीक केले. "कंच्या झाडाची?"

"त्यानं काय फरक पडतो गं बाई?"

"पडतो तर! ईचारा त्याला."

मी हवालदाराकडे पाहिलं. तो जमिनीकडे पाहत होता. उठून कोठडीशी गेलो आणि गजांतून विचारलं. सुरुंगवाला माझ्याकडे बघतच राहिला.

"अडुळशाची. पैल्या दिशीच सांगितलं ना तुमाला."

सांगितलं होतं. मला आठवलं. तो 'अडुळशाची डहाळी' म्हणाला होता आणि मी हवालदाराला फर्मावलं होतं, 'झाडाची फांदी लिहा, भाराभर तपशील नको.'

मागून बहीण आली होती. तिच्या तोंडचा रंग उडाला. "अडुळशाला शेळी तोंड लावत नाय, सायेब. कडू जहर. मरंल पन खानार नाय."

"म्हून तर अडुळसाच लावतो आमी," आतून भाऊ म्हणाला. "खानीत शेळ्या येत्यात, ठाव हाय ना."

मी टोपी उचलली आणि जीप काढायला सांगितली. रस्ताभर मला एका जागी बसवेना. शेळ्यांनी खाल्ली नाही, तर डहाळी गेली कुठं?

खाणीच्या ऑफिसात भिंतीला नवाकोरा फलक लावलेला होता: सुरक्षा सप्ताह. त्याखाली लाल झेंड्यांचा गठ्ठा, प्लास्टिकची पिशवीसुद्धा न फाडलेला. मी सुपरवायझरला विचारलं, फलक कधी आणला? रविवारी दुपारी, फोटोसाठी, तो बोलून गेला. मोबाईल मागितला, पंचांसमोर जप्त केला. त्यानं मालकाला दोन फोटो पाठवले होते. खाली लिहिलं होतं, साफसफाईच्या आधी आणि नंतर. पहिल्या फोटोत सिमेंटच्या गोण्या, बाटल्या, आणि खडकातल्या होलमध्ये उभी हिरवी डहाळी. दुसऱ्यात खडकापुढे उभा केलेला तोच फलक, आणि मागचा खडक हात फिरवल्यासारखा लख्ख.

तो खुर्चीत कोसळला. शनिवारी सुरुंगवाल्यानं सांगितलं होतं, हे त्यानं कबूल केलं. पण कोणतं होल ते जाऊन पाहिलं नव्हतं. सोमवारी ड्रिल तिथं लावायलाही त्यानंच सांगितलं होतं. "कचरा वाटला साहेब," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

मला त्याची मानगूट धरावीशी वाटली. पण हात पुढे होईना. त्यानं ती डहाळी खडकातून उपटून टाकली, मी जबाबातून उपटली होती.

नव्यानं जबाब नोंदवले, कोर्टात अहवाल दिला, सुरुंगवाला सुटला. सुपरवायझर आणि मालकावर दोषारोपपत्र गेलं. बहिणीचा जबाब झाला तेव्हा तिनं अंगठा देण्याआधी हवालदाराकडून झाडाचं नाव तीनदा वाचून घेतलं. मी तिला म्हणालो, आता भावावर डाग नाही, तुझ्यावरही नाही.

ती दारात थांबली. भाऊ बाहेर उभा होता, तरी तिचं पाऊल उचलेना.

"दगडं मारून रानात हाकलल्या मी शेळ्या, सायेब. माज्या मानसाला खाल्लं म्हून. एक गाभन व्हती."



या प्रकरणानं मला काय शिकवलं, असं तरुण अधिकारी विचारतात. मी सांगतो, समोरचा माणूस जो शब्द देतो तोच लिहा. तुम्हाला फालतू वाटणाऱ्या शब्दात त्याचं सगळं शहाणपण असू शकतं. ते माना डोलावतात आणि मी मात्र उठून येरझाऱ्या घालू लागतो. कर्जतच्या घरी बायकोनं कुंपणाला अडुळसा लावला आहे. खोकल्याला बरा, म्हणते. रस्त्यानं शेळ्या जातात. तो हुंगतात आणि पुढे जातात.

अडुळसा. चार अक्षरं. पहिल्याच दिवशी लिहायला हवी होती.