निरोपाच्या उपासनेत मी ‘नाही’ म्हणाले

मी सातवीत होते तेव्हा आईपप्पांनी आफ्रिकेतल्या एका मिशन दवाखान्यात सेवेला जायचं ठरवलं. आई दौंडला नर्स होती, पप्पा कुरकुंभला एका केमिकल कंपनीत फिटर. तिकडं नर्स हवी होती, आणि जनरेटर, पाण्याचे पंप सांभाळणारा माणूसही. आमच्या चर्चच्या मंडळीनं बाहेरून आलेले मिशनरी पाहिले होते. इथून तिकडं कुणी गेलेलं नव्हतं. त्यामुळं रविवारी उपासना सुटली की बाया आईचा हात धरून विचारायच्या, "कवा निघताय?"

मला कुणी विचारत नसे, कारण मी जाणारच नव्हते. तिकडं माझ्या वयाच्या मुलांना शाळा नव्हती. धाकटा भाऊ लहान, तो बरोबर जाणार. मी शिरूरला आत्याकडं राहून शिकायचं, असं ठरलं. ठरलं म्हणजे काय, तर एक दिवस शाळेतून आले आणि माझे कपडे वेगळ्या ट्रंकेत भरलेले दिसले.

"आत्या जीव लावंल तुला," आई म्हणाली.

त्यानंतर घरात सगळे जपून बोलायला लागले. पप्पांनी कंपनीचा राजीनामा दिला. कपाट, मोठी पातेली नातेवाइकांकडं गेली. तिघं पुण्याला जाऊन लस टोचून घेऊन आले. भाऊ रात्रभर दंड धरून कण्हत होता आणि आपल्याला मात्र काहीच दुखत नाही, याचंच मला रडू येत होतं. संध्याकाळच्या प्रार्थनेत मी आमेन म्हणायचं सोडलं. आईच्या ते ध्यानात आलं होतं. ती एक डोळा उघडून बघायची आणि प्रार्थना लांबवायची.

निरोपाच्या उपासनेला पुण्याहून पाहुणे पाळक, म्हणजे पाद्री, आले. चर्च भरलं होतं. आम्हा चौघांना पुढं उभं केलं. पाळकांनी आईला विचारलं, पप्पांना विचारलं. दोघांनी देवाचं पाचारण, त्याचं बोलावणं, स्वीकारल्याचं सांगितलं. मग ते माझ्याकडं वळून हसत म्हणाले, "आणि बाळ, तूही आईवडिलांना आनंदानं पाठवतेस ना?"

आईनं मागून माझ्या पाठीला बोट लावलं.

"नाही," मी म्हणाले. "मला कुणी विचारलंच नाही."

पाळकांचं हसू गेलं. त्यांनी पप्पांकडं पाहिलं आणि हळूच म्हणाले, "मग आज डोक्यावर हात ठेवून पाठवणीची प्रार्थना करता येणार नाही. आधी घरात बोला."

आम्ही घरी आलो. दार लावल्यावर आई फुटली. "चार मानसांत बोलायचं व्हतं व्हय? घरात सांगता आलं न्हाई?"

पप्पा बूट काढत होते. ते म्हणाले, "मानसं नसती तर आपण ऐकलं असतं का तिचं?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुण्याला मिशनच्या कचेरीत जाऊन मुलीला सोडून जाणार नाही असं सांगितलं. ती जागा दुसऱ्या कुटुंबाला गेली. आईला दौंडच्या दवाखान्यानं परत घेतलं. पप्पांना कुरकुंभला जागा मिळाली ती कंत्राटी. त्यांनीच शिकवलेला माणूस आता त्यांना काम सांगायचा. मंडळीत दोघीतिघी मला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "देवाच्या कामात पोरगी आडवी आली." आई माझ्याशी कामापुरतंच बोलायची. तो काळ मला फार लांब वाटला. आपण चुकलो असं मात्र वाटलं नाही.

मी नववीत असताना मिशनकडून पुन्हा बोलावणं आलं, या वेळी त्याच देशातल्या एका शहरातून. पप्पा शिफ्टवरून आले, कपड्यांना कंपनीचा वास तसाच, आणि माझ्यासमोर जमिनीवर बसले.

"तिथं शाळा हाय. तुझ्यासाठी बी. तू न्हाई म्हनलीस तर आजच कळवतो, येत न्हाई म्हणून. कुणी तुला बोलणार न्हाई."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या हाताचं पीठ वाळत चाललं होतं.

मला जायचं होतं असं नाही. माझ्या मैत्रिणी दौंडातच होत्या. पण या वेळी उत्तर ऐकायला ते खरोखर थांबले होते.

"शाळा किती लांब हाय घरापासून?" मी विचारलं.

"चालत जाण्याइतकी."

"मग जाऊ," मी म्हणाले.

पप्पांनी मान हलवली. आईनं आत जाऊन तवा ठेवला. जेवताना ती मला म्हणाली, तुझ्या ट्रंकेत काय काय घ्यायचं ते तूच सांग.