टेकडीवरची बोंब

माझं डोकं अजून तापलेलंच आहे, तेव्हा इथं गोड काही सापडणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

यवतमाळला फिरायला आहेच काय, असं म्हणणाऱ्यांची मला चीड येते. अरे, बायपास ओलांडा तरी! आर्णी रोडला ऑटोतून उतरायचं, सागाच्या झाडांमधली पायवाट धरायची, की अर्ध्या तासात टेकडीच्या माथ्यावर. एका अंगाला सगळं शहर, दुसऱ्या अंगाला कपाशी, आणि वारा असा की पदर आवरत नाही. मी साध्या चपलेवर जाते. गल्लीतले विचारतात, "काकू, घरी काम नाही काय?" आहे ना, ढीगभर आहे. म्हणूनच जाते.

यंदा सुनेला सोबत नेलं. तिचं बाळ पोटातच गेलं, तेव्हापासून तिचं बोलणंच बंद झालं होतं. हो, नाही, बस्स. मुलगा म्हणायचा, "राहू दे आई, होईन आपोआप." आपोआप म्हणे! आपोआप तर चहासुद्धा होत नाही.

पहिले काही रविवार ती मान खाली घालून नुसती चालली. मग एकदा माथ्यावर मीच म्हटलं, "पोरी, इथं कोणी नाही. होळीले मारतात तशी एक बोंब मार." आमच्याकडे होळीच्या बोंबा पुरुषांनी मारायच्या आणि बायकांनी दारात उभं राहून ऐकायच्या. ती माझ्याकडे बघतच राहिली. उन्हासाठी तिनं स्कार्फ बांधला होता, नुसते डोळे दिसत होते. एकाएकी स्कार्फवरूनच तोंडावर हात मारत ती अशी बोंबलली, की माझ्याच अंगावर काटा आला. पुन्हा बोंबलली, पुन्हा. मग मटकन खाली बसून रड रड रडली. खाली उतरल्यावर मात्र तिनं गाड्यावर मागून मागून तर्री-पोहे खाल्ले. किती महिन्यांनी तिनं काही मागितलं होतं! मला तर नाचावंसं वाटलं.

पण माथ्यावर कोणी नाही, हे माझं चुकलं. रंगीत टोप्यांचा एक ट्रेकिंग ग्रुप मागून चढत होता. त्यातल्या कोण्या मेल्यानं झाडाआडून तिचा व्हिडिओ काढला. मी त्यात कुठंच नाही, ती एकटीच. वर गाणं चिकटवलं, "टेकडीवरची भूतीण" असं लिहिलं आणि दिलं सोडून. निसर्ग बघायला येता म्हणे! लेकहो, घरी नाहीत का रडणाऱ्या बाया?

पुढच्या रविवारी मी चपला घालून दारात उभी, तर सून म्हणाली, "मी नाही येत, आई." मी खोदून खोदून विचारलं. शेवटी तिनं आपला मोबाईल माझ्या हातात दिला. तो व्हिडिओ आमच्या घरच्या ग्रुपवर आला होता. टाकणारा कोण? माझा मुलगा. "आपल्या यवतमाळची भूतीण पाहा," आणि खाली हसणारी तोंडं ओळीनं.

तो जेवायला बसला होता. मी मोबाईल त्याच्या ताटाशी आपटला.

"कोण आहे हे?"

"असन कोणी पागल. काहून?"

"तुही बायको आहे ती!"

त्याचा घास हातातच राहिला. "मले कसं कळन, आई? तोंड तर बांधून आहे तिचं."

"तोंड बांधून आहे, आवाज तर मोकळा आहे ना! मित्राची गाडी गल्लीच्या टोकावरून ओळखतो तू, अन् घरच्या बाईचा आवाज नाही ओळखत? लाज नाही वाटत?"

तो खाली मान घालून व्हिडिओ पुसत बसला. मी आणखी बोलणारच होते, तेवढ्यात सून तव्यावरची पोळी उलटत हळूच म्हणाली,

"त्यायले काहून बोलता, आई? त्यायनं माझा मोठा आवाज कधी आयकलाच नाही."