सव्वासातची हजेरी

कुंदा गेल्याचा फोन तिच्या मुलाने, मंदारने केला. सकाळचे साडेआठ वाजले होते आणि मी कणीक भिजवत होते. "नलूमावशी, आई गेली," एवढंच तो म्हणाला आणि त्याला पुढे बोलवेना. अशा वेळी माणसं काय विचारतात? कधी, कशी, कुणी होतं का जवळ... मी विचारलं, "गॅस चालू होता का?" मग तो म्हणाला, "झोपेत गेली मावशी. कामाच्या बाईंनी सकाळी कुलूप उघडलं तेव्हा कळलं." मी पिठाच्या हातांनीच खाली बसले. साठ वर्षांपासूनची मैत्रीण गेल्याचं दुःख व्हायच्या आधी मला हायसं वाटलं, हे आज दीड महिन्याने लिहितानाही लाज वाटते. पण वाटलं खरं. नऊ वर्षं ज्या फोनच्या धास्तीत मी जगत होते तो फोन आला होता, आणि त्यात आग नव्हती.

मी मुळात भित्री. त्यात नोकरी केली खडकीला, दारूगोळ्याच्या कारखान्यात. काम ऑफिसातलंच, फायली आणि टपाल, पण फाटक सगळ्यांना एकच होतं. तिथे रोज झडती व्हायची. पर्समध्ये काडीपेटी नाही ना, चपलेला खिळा नाही ना. एकतीस वर्षं रोज सकाळी कुणीतरी तुम्हाला विचारतंय की बाई, आज तुमच्यामुळे भडका तर उडणार नाही? माणसाचं काय होणार! मी घरीसुद्धा देवापुढे काडी ओढताना आधी खिडकी उघडते. कुंदा माझ्या बाकावरची, खडकीच्याच शाळेतली, आणि माझ्या अगदी उलट. लहानपणी ती गांडूळ हातावर घेऊन माझ्यामागे धावायची. पुढे ती कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायला लागली, निवृत्त झाल्यावर माणसं जमवून बागा दाखवायला न्यायला लागली. बसमधून उतरून फोटो काढायचे आणि परत बसमध्ये, असलं काही नाही. पायी चालायचं, झाडापाशी थांबायचं, पान चुरगळायचं, वास घ्यायचा. "डोळे काय, कुणालाही फसतात. नाकाला विचारा," हे तिचं ठरलेलं वाक्य.

तिची दुसरी ठरलेली गोष्ट म्हणजे हजेरी. निघताना प्रत्येकाला नंबर मिळायचा. दर वळणावर कुंदा थांबायची, मागे वळून न बघता "हं!" म्हणायची आणि एकापासून सगळ्यांनी आपापला नंबर ओरडायचा. शेवटचा नंबर आल्याशिवाय ती पाऊल उचलत नसे. खडकवासल्याच्या मागे एकदा एक निवृत्त साहेब "मी काय शाळेतला पोरगा आहे का?" म्हणून गप्प राहिले, तर हिने अख्खा घोळका पंचवीस मिनिटं उन्हात उभा केला. शेवटी साहेब "सात" म्हणाले. "आवाज छान आहे हो तुमचा, उगाच लपवून ठेवलात," एवढंच बोलून ही चालायला लागली.

माझे यजमान गेले त्याच्या पुढच्या वर्षी तिने लंकेची सहल काढली. आठ दिवस, मसाल्याच्या बागा आणि डोंगरातल्या पायवाटा. मी नाही म्हटलं. विमान, साप, जळवा, परका देश... माझी यादी तयारच होती. तिने ऐकून घेतली आणि म्हणाली, "रामाला एवढा पूल बांधावा लागला, तुला नुसतं खिडकीशी बसायचंय. बारा नंबर तुझा. तू शेवटी चालायचंस." "शेवटी? मागून काही आलं तर?" "तर तू ओरडशील. तुझ्याइतकं चांगलं ओरडणारं मला दुसरं कुणी माहीत नाही."

गेले. पाचही खंड हिंडलेली माणसं आमच्यात होती, पण सतत थरथरणारी मी एकटीच. मिरीचे वेल झाडांवर चढलेले, जायफळाच्या फळात लाल जायपत्री, दालचिनी सोलणारी माणसं मांडी घालून बसलेली. सगळं सुंदर होतं आणि मी ते सगळं पायांकडे बघत पार केलं, कारण पानापानाखाली जळवा होत्या. मोज्यात साबण चोळलेला, मुठीत मिठाची पुरचुंडी. पुढून "दहा", "अकरा" आलं की मी "बारा" असं किंचाळायचे की झाडावरची पाखरं उडायची. कुंदा पुढून हसायची. त्या हसण्याच्या आवाजावर मी आठ दिवस चालले.

तिसऱ्या दिवशी एका बागेत बंडारा नावाचे तिथले म्हातारे माळी आम्हाला पानं ओळखायला लावत होते. डोळे मिटायचे, ते नाकाखाली पान चुरगळणार. आम्ही सगळ्यांनी हसत-खिदळत चुकून घेतलं. मग ते कुंदाला म्हणाले, "मॅडम, आता तुम्ही." तिने डोळे मिटले. त्यांनी तिच्या नाकाखाली हात नेला. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते, मला वास आला. गवती चहा! आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळेल असा, घरोघरच्या सकाळचा. कुंदाने लांब श्वास घेतला, थोडी थांबली आणि ठामपणे म्हणाली, "दालचिनीचं पान."

सगळे खो-खो हसले. बाई थट्टा करताहेत, बंडारांची फिरकी घेताहेत. तीही हसली. पण मी पन्नास वर्षं ते तोंड बघितलेलं. डोळे उघडल्यावर तिने आधी बंडारांच्या हाताकडे बघितलं आणि मग हसली. आधी बघितलं... का ते मलाच कळेना.

ते कळलं दुसऱ्या दिवशी दुपारी. जेवणं झाली होती आणि पुणेकर कुठेही गेला तरी एक ते चार हा त्याचा जन्मसिद्ध हक्क, त्यामुळे सगळे आडवे. मला झोप कुठली, मी पलंगावर पाय वर घेऊन जळवा शोधत बसले होते. बाहेर पाऊस धो-धो. आम्ही उतरलो होतो त्या बंगलीला मागे एक छोटं स्वयंपाकघर होतं. चहा मिळतो का बघावं म्हणून मी पडवीतून तिकडे निघाले आणि दारातच थबकले. गॅस! साधासुधा नाही, कुजक्या कांद्यासारखा, घशाला धरणारा. पावसामुळे खिडक्या सगळ्या बंद. आणि शेगडीपुढे कुंदा, आरामात गुणगुणत. दारातून येणाऱ्या वाऱ्याने विझली असणार शेगडी आणि बटण उघडंच राहिलेलं. तिच्या डाव्या हातात काडीपेटी होती. उजव्या हातातली काडी पेटीला टेकलेली होती.

"काडी!" मी ओरडले. एकतीस वर्षं फाटकावर ऐकलेला शब्द माझ्या तोंडून फाटकावरच्या हवालदाराच्या आवाजात निघाला. तिने दचकून मान वळवली तोवर मी तिच्या हातावर फटका मारला होता. पेटी उडाली, काड्या जमिनीभर. मी बटण बंद केलं, खिडक्या ढकलल्या, तिला दंडाला धरून पावसात ओढलं. ती वैतागून म्हणत होती, "अगं नले, वेड लागलंय का तुला?" आणि मी नुसती तिच्याकडे बघत होते. "कुंदे, तुला वास नाही आला?"

आम्ही पायरीवर भिजत बसलो. माझे दात वाजत होते. मग ती म्हणाली, "दोन वर्षं झाली. एक ताप आला होता साधा, तो गेला आणि जाताना हे घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल कदाचित परत. नाही आला." इतकी वर्षं नाकावर जगलेली बाई! पानाची कड, शिरा, देठ बघून ती ओळखायची आणि वास घेतल्याचं नाटक करायची. "मंदारला?" मी विचारलं. "माहीत नाही, आणि कळायचं नाही. कळलं की दुसऱ्या दिवशी माझं सामान हडपसरला त्याच्याकडे. चौदाव्या मजल्यावर बसवून ठेवील, प्रेमानेच. घर गेलं, सहली गेल्या. वास न येणाऱ्या बाईबरोबर बागा बघायला कोण येईल?" मग तिने माझा हात धरला. "नले, शपथ घे."

मी घेतली. घ्यायला नको होती असं त्याच क्षणी वाटलं, पण घेतली. अट एकच घातली. रोज संध्याकाळी सव्वासातला, तिचा स्वयंपाक उरकला की, मी फोन करणार. तिने ओट्याशी जायचं, बटण बघायचं आणि मला सांगायचं. "बरं हवालदार," ती म्हणाली.

नऊ वर्षं मी फोन केला. "कुंदे, गॅस?" "थांब, बघून येते." सपातांचा फटफट आवाज लांब जायचा, जवळ यायचा. "बंद आहे हवालदार. तू जेवलीस? गोळी घेतलीस? आवाज बसलाय का तुझा?" मग दहा मिनिटं इकडचं तिकडचं, तिच्या कुंडीतल्या ब्राह्मीपासून माझ्या गुडघ्यापर्यंत. फोन ठेवला की मला एक रात्र सुटल्यासारखं वाटायचं, ते सकाळपर्यंतच. पेपरात कुठे सिलेंडरची बातमी आली की आधी पत्ता वाचायचे. मंदार भेटला की त्याच्या नजरेला नजर देववायची नाही. उद्या काही झालं तर हा मला विचारणार, मावशी, तुम्हाला माहीत होतं? काय सांगणार होते मी त्याला? दहा वेळा सांगायचं ठरवलं आणि दहा वेळा शपथ आडवी आली.

एकदा तिने फोन उचलला नाही. पुन्हा केला, पुन्हा नाही. मी खडकीहून सहकारनगरला रिक्षाने निघाले, पायात एक चप्पल घरातली आणि एक बाहेरची. संध्याकाळची गर्दी, प्रत्येक सिग्नल लाल. रिक्षावाला म्हणाला, "आजी, दवाखान्यात कुणी आहे का?" मी म्हटलं, "अजून नाही." तिसऱ्या मजल्यावर पोहोचले तर दार बंद, आणि माझं बोट बेलपाशी जाऊन थांबलं. आत गॅस भरला असेल तर बेलची एक ठिणगी पुरे. मी दोन्ही मुठींनी दार बडवायला लागले. शेजारचे, वरचे, खालचे, सगळे बाहेर. आणि जिन्यातून कुंदा आली, हातात कोथिंबिरीची जुडी. "बेल आहे की गं दाराला. का वीज मंडळावर राग आहे?" पण माझा चेहरा बघून तिने दार उघडलं. मला बाहेरच्या खोलीत बसवलं. मी स्वयंपाकघराकडे निघाले तर दारात आडवी उभी राहिली. तिच्या ओट्याशी ती कुणालाच येऊ देत नसे, तो तिचा जुनाच खाक्या. चहा बाहेर आणून दिला. त्या दिवसानंतर सव्वासातला पहिल्याच रिंगला फोन उचलला जायला लागला.

तिचे दिवस झाल्यावर मंदारने घर आवरायला बोलावलं. म्हणाला, "मावशी, आईची झाडं तुम्ही न्या." मी ठरवूनच गेले होते की आज सांगायचं. शपथ घ्यायला लावणारी गेली, आता या वयात हे ओझं मला पेलवत नव्हतं. त्याच्यासमोर बसून मी सगळं सांगितलं. गवती चहा, काडी, शपथ, सव्वासात. "तुझ्या आईचा जीव मी नऊ वर्षं धोक्यात ठेवला रे. रागाव, काय बोलायचं ते बोल."

तो उठला आणि मला हाताला धरून स्वयंपाकघरात घेऊन गेला. ओटा स्वच्छ होता. त्यावर एक विजेची शेगडी. खाली सिलेंडर नव्हता, नळी नव्हती, बटण नव्हतं. शेगडीची जुनी जागा पुसून-पुसून पांढरी पडलेली.

"लंकेहून आल्याच्या आठवड्यात आईने गॅस परत केला," तो म्हणाला. "मला सगळं सांगितलं तिने. त्या काडीचंही. फार घाबरली होती ती, मावशी, मी आईला तशी कधी पाहिली नव्हती. म्हणाली, तू मला हडपसरला नेणार नसशील तर गॅस आजच काढते. मी म्हटलं, काढ आणि राहा."

"मग मला का नाही सांगितलं?" मी ओरडलेच. नऊ वर्षं! नऊ वर्षं ती बाई रोज सपाता फटफटत नसलेलं बटण बघायला जात होती.

"मी म्हणालो होतो तिला, मावशींना उगाच घोर. तर म्हणाली, 'तिला सांगितलं तर ती फोन बंद करील. स्वतःसाठी फोन करणारी नाही ती, मरेल पण करणार नाही. एकटी असते. सव्वासातला फोन आला की मला कळतं, बारा नंबर आला.'"

मी त्या ओट्याला धरून उभी राहिले. राग आला, भयंकर आला. कोथिंबिरीच्या दिवशी तरी सांगायचंस ना, मेले! आणि मग रडू आलं ते थांबेचना. मी समजत होते, मी हिच्यावर पहारा करतेय.

ब्राह्मीची कुंडी माझ्या खिडकीत आहे. गॅसची भीती आता संपायला हवी होती, पण ती नुसती घर बदलून माझ्याकडे राहायला आली आहे. संध्याकाळी सव्वासात वाजले की मी माझ्या ओट्याशी जाते, बटण बघते, पुन्हा बघते. फोन टेबलावर असतो. पुढून कुणी "हं" म्हणत नाही. परवा मी मोठ्याने "बारा" म्हटलं आणि तशीच उभी राहिले. मला फार भीती वाटते, कुंदे. मी मागेच आहे अजून.