डावा हात बाहेर

"क्रिएटिनिन नऊच्या पुढे गेलंय," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी रिपोर्ट आमच्याकडे फिरवला, जसं काही आम्हाला तो वाचता येणार होता. क्रिएटिनिन म्हणजे रक्तातला कचरा मोजायचं माप. तो कचरा किडनी बाहेर टाकते, यांची टाकेनाशी झाली होती. पाय सुजायचे, तोंडाला चव नसायची, पण आम्ही ते सगळं वयावर ढकललं होतं.

"डायलिसिस सुरू करायला हवं."

यांनी चष्मा पुसला. "आणि संपणार कधी?"

"ते संपत नाही, सर."

डॉक्टर 'सर' म्हणाले, कारण आमचे हे शिक्षक. निवृत्त झाल्यावर पुण्यातल्या निम्म्या वक्तृत्व स्पर्धांचे परीक्षक झाले. गेले की शाल आणि नारळ घेऊन यायचे. नारळांच्या वड्या झाल्या, शालींनी कपाट भरलं. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढे सगळं शालीवरच येतं.

आधी डाव्या हातावर छोटं ऑपरेशन झालं. त्याला फिस्च्युला म्हणतात. धमनी आणि शीर एकमेकींना जोडतात, मग शीर फुगते आणि तिच्यात जाड सुया घालता येतात. तिथे बोट ठेवलं तर आत मांजर गुरगुरतंय असं वाटतं. मग आठवड्यातून तीनदा विश्रांतवाडीहून रिक्षा, चार तास मशीन, आणि परत रिक्षा.

मला कुणी सांगितलं नव्हतं म्हणून तुम्हाला सांगते. सुयांची सवय होते, थंडीची होत नाही. रक्त अंगाबाहेर नळ्यांतून फिरून येतं ते निवून येतं. त्यात खोलीचा एसी. बाहेर रस्त्यावर पुण्याचा मे महिना आणि आत यांचे दात वाजतायत. कपाटातल्या दोन जरीच्या शाली नेल्या, तर त्या अंगावर ठरेनात. हे म्हणाले, "सत्काराची शाल टाळ्या संपेपर्यंतच टिकते. तिच्याकडून जास्त अपेक्षा करू नकोस."

एक दिवस घरी येऊन शांतपणे म्हणाले, "सुया चालतील. ही थंडी नाही चालणार. मी आता जाणार नाही."

डायलिसिस चुकवलं की पाणी फुप्फुसात जातं आणि माणूस बसल्या जागी गुदमरतो, हे डॉक्टरांनी आम्हाला बजावलं होतं. पण मला उलट हायसं वाटलं. अडचण थंडीचीच ना? मग सोपं आहे. आयुष्यभर मी दुसरं केलंय काय? अख्ख्या सोसायटीच्या बाळांची टोपरी मी विणलीत. यांना म्हटलं, "मला महिनाभर द्या, तोवर जात राहा." कबूल झाले.

घरात खऱ्या लोकरीचे गुंडे होते, गडद मरून. यांनीच पसंत केला, म्हणाले रंग तरी पुरुषाचा आहे. वीतभर विणून यांच्या पायावर टाकून पाहिलं, तर यांनी ओरबाडून ओरबाडून पोटरीतून रक्त काढलं. युरेमिक प्रुरायटस, म्हणजे रक्तातल्या कचऱ्यामुळे सुटणारी खाज. तिला साधी चादरसुद्धा टोचते, मग लोकर कशी सोसणार. सगळं उसवलं.

मग डायलिसिस युनिटमधल्या रोहिणी सिस्टरांना विचारलं. त्या नळ्या जोडता जोडता म्हणाल्या, "आजी, गोंडे नकोत, जाळीची वीण नको, नळ्या अडकतात. जड नको, धाप लागते. आणि रंग फिका घ्या."

"फिका का हो? मळेल की."

"सुई निसटली तर रक्त लगेच दिसायला पाहिजे. म्हणून डावा हात कायम बाहेर. कितीही थंडी वाजू दे, तो हात झाकायचा नाही."

मंडईजवळच्या दुकानात गेले. सगळ्यात मऊ आणि हलकी लोकर मागितली, तर त्यांनी लहान बाळांची काढली. गुलाबी, आकाशी, पिस्ता.

"बाळ केवढं आहे?"

"एकाहत्तर वर्षांचं."

त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. "मग घेर जास्त धरा."

पिस्ता घेतला. सगळे टाके सुलट, म्हणजे शाल दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. डावीकडे हातासाठी लांब खाच. मशीन चालू असलं की मी शेजारी बसून विणायचे. यांची जीभ तेवढी शाबूत होती. शेजारच्या पेशंटला सांगायचे, "शोकसभेत शाल देत नाहीत ना, म्हणून ही आधीच उरकून घेतेय." तो बिचारा हसावं की नाही या विचारात पडायचा. मग त्याची खुर्ची एका सोमवारी रिकामी दिसली आणि बुधवारी तिथे दुसरं कुणी होतं. यांनी त्यालाही तेच ऐकवलं.

शाल झाली. पांघरली आणि यांचे दात वाजायचे थांबले. चार तास गाढ झोपले, घोरलेसुद्धा. डावा हात तेवढा बाहेर, उलथा पडलेला, बोटं गार. मी इतकी खूश झाले की रोहिणी सिस्टरांना पेढा दिला.

असे काही आठवडे बरे गेले. मग एका सकाळी, रिक्षा बोलवायच्या वेळेला, यांनी शालीची घडी माझ्या मांडीवर ठेवली.

"ती डावीकडची खाच शिवून टाक."

मी म्हटलं, "अहो, मग हात कसा बाहेर काढणार?"

"नाही काढायचा."

मला समजायला वेळ लागला. यांनी वर्गात मठ्ठ मुलाला द्यावा तेवढा वेळ मला दिला. मग म्हणाले, "थंडी वाजते म्हणून जायचं नाही, असं मलाही वाटत होतं. आता थंडी वाजत नाही, आणि तरी जायचं नाही. ही खात्री तुझ्या शालीनं करून दिली."

मी शाल शिवली नाही. मंदार, आमचा मुलगा, हडपसरहून धावत आला, खूप बोलला, शेवटी म्हणाला, "बाबा, हे हार मानणं आहे." हे म्हणाले, "परीक्षक मी आहे. निकाल मी देणार."

डॉक्टर दोनदा यांच्या एकट्याशी बोलले, एकदा रोहिणी सिस्टरही बसल्या होत्या. मग आम्हाला बसवून सांगितलं, "हार्टचं पंपिंगही फार कमी झालंय. मशीन त्यांचे दिवस वाढवतंय, त्यांना बरं नाही करत. ते पूर्ण विचाराने सांगतायत. आपण पॅलिएटिव्ह केअर करू." म्हणजे बरं करायचं नाही, त्रास कमी ठेवायचा. खाजेला गोळी, धाप लागली तर औषध, नर्स घरी येणार. मी विचारलं, मन बदललं तर? ते म्हणाले, "केव्हाही या. तीच खुर्ची देऊ."

त्या दिवशी मी खाच शिवली. यांनी दोन्ही हात आत घेतले आणि डावा हात आतून शिवणीवर फिरवला.

"कच्ची घातलीस."

"हो."

"गाठही नाही मारलीस."

"नाही."

"टाकेही वरखाली झालेत," म्हणाले आणि डोळे मिटले. पुन्हा तो विषय काढला नाही. मन बदललं नाही. झोप वाढत गेली, बोलणं कमी होत गेलं, आणि एका दुपारी दोन्ही हात आत असतानाच गेले.

तुमच्या घरी कुणी मशीनवर असेल तर विणा. मऊ, हलकं, फिकं, हात बाहेर राहील असं. मला अजूनही ते करावंसंच वाटतं. फक्त एवढं धरून चाला की ऊब मिळाली की माणूस कण्हायचं थांबतो आणि मग मनातलं बोलतो. ते ऐकायला मी तयार नव्हते. रोहिणी सिस्टर आणि ते डॉक्टर तयार होते. त्यांचे उपकार आहेत माझ्यावर.

शाल आता त्याच युनिटमध्ये एका बाईंकडे आहे. त्यांचा फिस्च्युला उजव्या हातावर, पण शाल उलटी पांघरली की खाच उजवीकडे येते. देण्याआधी दोऱ्याचं टोक धरून ओढलं. गाठ नव्हतीच, एका ओढीत सगळा निघाला.